दाढेजवळची सुई आणि छातीतील धडधड

(नभोवाणीवरील भाषण)

दाढ काढून घेण्यासाठी दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेला मनुष्य बहुधा आधीच अर्धमेला झालेला असतो. रात्रभर ठणका लागलेला, पोटात धड दोन घास नाहीत, आणि समोर तबकात ती चकचकीत हत्यारे मांडलेली. डॉक्टर हिरडीत सुई टोचतात. थोड्याच वेळात ओठ जड होतो, जीभ दुसऱ्या कोणाची तरी असावी तशी वाटू लागते. आणि तेवढ्यात छातीत धडधड सुरू होते, हातांना कापरे भरते, तळव्यांना घाम फुटतो. डॉक्टर सांगतात, "घाबरू नका, आत्ता थांबेल." आणि ते खरोखरच थांबते. परंतु घरी परतलेला हा गृहस्थ पुढे जन्मभर सांगत राहतो की, मला ते इंजेक्शन मानवत नाही.

त्याला काय झाले, याचे उत्तर वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात दोन ओळींत मिळेल. मला आज त्याहून निराळा प्रश्न आपल्यापुढे मांडावयाचा आहे. ही धडधड त्या पिचकारीत भरली कोणी, आणि का भरली? कारण ती तेथे चुकून आलेली नाही. ती जाणूनबुजून घातलेली आहे, आणि ती घालण्यापूर्वी वीस वर्षे माणसे याहून फार वाईट गोष्टींनी पछाडली जात होती.

जीभ बधिर करणारे पदार्थ माणसाला प्राचीन काळापासून ठाऊक आहेत. गोव्यात व दक्षिण कोकणात बांगड्याच्या आमटीत तिरफळे घालतात. चुकून एखादे दाताखाली आले तर जिभेला कशा मुंग्या येतात, हे तिकडच्या मंडळींना सांगावयास नको. अक्कलकाऱ्याचा तुकडा दाढेत धरण्याचा घरगुती उपाय किंवा लवंगेच्या तेलाचा बोळा, यांचेही मर्म तेच. परंतु या साऱ्यांचा अंमल वरवरचा. दाढेची मुळे जेथे जबड्याच्या हाडात रुतलेली असतात, तेथवर यांपैकी कशाचाच हात पोहोचत नाही.

दक्षिण अमेरिकेत, पेरूच्या डोंगराळ मुलखात, कोका नावाच्या झुडपाची पाने चघळण्याची चाल फार जुनी आहे. तेथील लोक पानांबरोबर चुना किंवा राख घेतात. आपल्या विड्यात चुना असतोच. क्षारामुळे पानातला अर्क सुटतो, हे ज्ञान दोन दूरच्या खंडांतील लोकांना स्वतंत्रपणे झालेले दिसते. बर्नाबे कोबो नावाच्या स्पॅनिश जेझुइट पाद्र्याने १६५३ साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात, ही पाने चघळल्याने दातदुखी थांबते, असे नमूद करून ठेवले आहे. म्हणजे कोका आणि दात यांची गाठ युरोपीय कागदावर पडल्याला पावणेचारशे वर्षे होत आली. परंतु पाने समुद्र ओलांडून युरोपात पोचेपर्यंत जुनी होत, त्यांतला गुण निघून जाई, आणि विद्वानांचा त्यावर विश्वास बसत नसे.

तो बसला ऑस्ट्रियाच्या 'नोव्हारा' या युद्धनौकेमुळे. १८५७ ते १८५९ या काळात तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत १८५८ च्या आरंभी ती आपल्या मद्रासेसही लागली होती. तिच्यावरील कार्ल शेर्झर या शास्त्रज्ञाने कोकाची भरपूर पाने आणून ती जर्मनीत ग्यॉटिंगेन येथे फ्रीड्रिख व्ह्योलर यांच्या प्रयोगशाळेत दिली. तेथे आल्बर्ट नीमान या तरुण विद्यार्थ्याने त्यांतून पांढरे स्फटिक वेगळे केले आणि त्यांस 'कोकेन' हे नाव दिले. हे स्फटिक जिभेवर ठेवले असता ती बधिर होते, हेही त्याने १८६० च्या प्रबंधात लिहिले. पुढच्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो वारला. त्या एका वाक्याचा अर्थ लागावयास चोवीस वर्षे लागली.

मधल्या काळात दात काढताना दुसराच मार्ग रूढ झाला होता. मनुष्यालाच बेशुद्ध करावयाचे. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड गावी होरेस वेल्स या दंतवैद्याने हास्यवायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या रुग्णालयात विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथरचा प्रयोग जाहीरपणे केला. भुलेचे शास्त्र दंतवैद्यांनी जन्मास घातले, हे शल्यवैद्यांनी पुढे सोयीस्करपणे विसरावयाचे ठरवले असावे. १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आला. तो हुंगावयास सुखद व आणावयास सोपा होता. परंतु तो अधूनमधून धडधाकट माणसांनाही एका क्षणात मारी. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडातील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना गेली. पुढे अशा मृत्यूंची मालिकाच लागली, आणि त्यांत दात काढण्यासारख्या किरकोळ कामासाठी खुर्चीत बसलेली माणसे थोडी नव्हती.

आमच्या हैदराबादेतील वाचकांस येथे थोडे थांबवतो, कारण या प्रश्नाचा निकाल लावण्याचा मोठा खटाटोप त्यांच्या शहरात झाला. हैदराबादच्या वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या परंपरेतील. क्लोरोफॉर्म देताना नाडीकडे पाहू नये, श्वासाकडे पाहावे. श्वास सांभाळला तर हृदयाला धोका नाही, असे त्यांचे ठाम मत. लंडनची मंडळी उलट म्हणत की, क्लोरोफॉर्म हृदयालाच मारतो. १८८८ साली सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने पहिले मंडळ बसले; कुत्र्यांवर प्रयोग झाले; निष्कर्ष लॉरींच्या बाजूचा निघाला. लंडनच्या 'लॅन्सेट' पत्राने शंका घेतली, तेव्हा निजाम सरकारने एक हजार पौंड देऊन, तुमचाच माणूस पाठवा, असे कळवले. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादेस आले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, आणि त्यांनीही लॉरींचीच री ओढली. त्याच विद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या रूपाबाई फर्दुनजी या क्लोरोफॉर्म देण्याच्या कामात प्रवीण म्हणून ओळखल्या गेल्या. भूल देणाऱ्या जगातील आद्य स्त्रीवैद्यांत त्यांची गणना होते. इतका पैसा, इतके श्रम. आणि तरीही उत्तर अपुरेच होते. ते का, हे पुढे कळेल. त्याचे कारण आपल्या पिचकारीतील धडधडीशी अगदी नात्याचे आहे.

१८८४ च्या उन्हाळ्यात व्हिएन्नामध्ये सिग्मंड फ्रॉइड नावाचा तरुण डॉक्टर कोकेनच्या भजनी लागला होता. मनोविश्लेषणाचा जनक तो पुढे झाला. त्या वेळी त्याला हवी होती एखादी पटकन नाव मिळवून देणारी गोष्ट. कोकेन थकवा घालवते, उत्साह देते, असे त्याने प्रसिद्ध केले, आणि मग तो आपल्या वाग्दत्त वधूस भेटावयास उत्तर जर्मनीत निघून गेला. मागे राहिला त्याचा मित्र कार्ल कोलर. हा नेत्रवैद्य होण्याची खटपट करीत होता. डोळ्याची शस्त्रक्रिया बेशुद्ध रोग्यावर करणे कठीण, कारण शुद्धीवर येताना ओकारीचा उमाळा आला की टाके तुटत. कोकेनने जीभ बधिर होते, हे कितीकांनी पाहिले होते; जिभेला जे होते ते डोळ्याला का होऊ नये, हा विचार कोलरच्याच मनात आला. प्रथम बेडकाचा, मग सशाचा व कुत्र्याचा, आणि शेवटी स्वतःचा डोळा. थेंब टाकून टाचणीचे डोके बुबुळावर टेकवून पाहिले. काही कळले नाही! १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या परिषदेत त्याचा निबंध वाचला गेला. पण वाचला दुसऱ्याने, कारण प्रवासाचे भाडे द्यावयास कोलरजवळ पैसे नव्हते. कोलर ज्यू होता. पुढच्याच जानेवारीत एका सहकाऱ्याने त्यावरून अपशब्द काढला, त्यातून द्वंद्वयुद्ध झाले, आणि जगाला एवढी देणगी देणाऱ्या माणसाला व्हिएन्नात जागा मिळाली नाही. तो १८८८ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि तेथेच आयुष्य काढले.

डोळ्यावर थेंब टाकता येतात. दाढेवर टाकून उपयोग नाही. तिची शीर गाठावी लागते. ती न्यूयॉर्कच्या दोन शल्यवैद्यांनी गाठली, आणि तीही हायडेलबर्गनंतर तीन महिन्यांच्या आत. विल्यम हॉल्स्टेड आणि रिचर्ड हॉल. ६ डिसेंबर १८८४ च्या 'न्यूयॉर्क मेडिकल जर्नल'मध्ये हॉलचे पत्र आहे. हॉल्स्टेडने एका विद्यार्थ्याच्या तोंडात सुई घालून खालच्या जबड्याची शीर हाडात शिरते त्या जागी कोकेन सोडले, आणि काही मिनिटांत त्या बाजूची हिरडी, दात व अर्धी जीभ बधिर झाली. हॉलने स्वतःचा पुढचा वरचा दात याच रीतीने बधिर करून भरून घेतला. आज आपल्या गल्लीतील दंतवैद्य खालची दाढ काढण्यापूर्वी जे इंजेक्शन देतो, ते तत्त्वतः तेच.

परंतु त्याच पत्रात दुसरीही एक गोष्ट आहे. या प्रयोगांत हॉलला भोवळ आली, मळमळले, अंगाला गार घाम सुटला, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या. दंतवैद्यकातील बधिरीकरणाचा पहिला वृत्तांत आणि त्याच्या दुष्परिणामांचा पहिला वृत्तांत एकाच कागदावर आहेत! मला हे फार प्रामाणिकपणाचे वाटते. मात्र हॉलने लक्षणे लिहिली. सर्वांत मोठे लक्षण त्यांच्यापैकी कोणालाच वेळेवर दिसले नाही. दिवसातून कितीतरी वेळा स्वतःला व एकमेकांना टोचून प्रयोग करणारी ही मंडळी, आणि त्यांचे काही विद्यार्थीही, एका वर्षात कोकेनची गुलाम झाली. हॉल्स्टेडने सप्टेंबर १८८५ मध्ये त्याच पत्रात एक लेख लिहिला, त्याचे पहिले वाक्य इतके भरकटलेले आहे की, लिहिणाराच्या डोक्याची अवस्था त्यातच उघडी पडते. मित्रांनी त्याला समुद्रसफरीवर नेले, मग प्रॉव्हिडन्सच्या इस्पितळात ठेवले. तेथे कोकेन सोडवण्यासाठी मॉर्फिन दिले, आणि ते मॉर्फिन त्याला पुढे आयुष्यभर चिकटले. तरीही हा मनुष्य जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शल्यशास्त्राचा प्राध्यापक झाला, शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे घालण्याची चाल त्याने पाडली, आणि १९२२ साली, मृत्यूच्या थोडेच आधी, अमेरिकन दंतवैद्यांच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला सुवर्णपदक दिले. मॉर्फिनचे सत्य त्याचा सहकारी विल्यम ऑस्लर याने एका मोहोरबंद टिपणात लिहून ठेवले होते. ते १९६९ मध्ये उघडले गेले. हॉल्स्टेडच्या चरित्रकारांनी ही सारी शोकांतिका त्याच्या थोरवीच्या तेजात न्हाऊ घातली आहे. ज्या विद्यार्थ्यांची नावेही कोणास आठवत नाहीत, त्यांच्या वाट्याला ते तेज आले नाही.

बाहेरच्या जगात काय चालले होते? १८८५ मध्ये अमेरिकेतील ऑल्बनी गावची लॉइड कंपनी 'कोकेनचे दातदुखीचे थेंब' पंधरा सेंटला विकत होती, आणि जाहिरातीवर दोन गोंडस मुले काटक्यांचे घर बांधताना दाखवली होती. दंतवैद्य तर वीस टक्क्यांपर्यंतची तीव्र द्रावणे हिरडीत टोचीत. कोकेनला आतड्यातून नव्हे, रक्तातून अंगात शिरावयास वेळ लागत नाही, आणि जबड्याच्या भागात रक्तवाहिन्यांचे जाळे दाट. रोगी प्रथम बडबडू लागे, मग त्याची नाडी धावू लागे, मग आचके येत, आणि कधी श्वासच थांबे. १८८४ ते १८९१ या सात वर्षांत विषबाधेची सुमारे २०० प्रकरणे व १३ मृत्यू छापून आले. न छापलेले किती, ते कोण सांगणार? आपल्याकडेही विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्ता, दिल्ली, मुंबई येथे कोकेन विड्यात घालून खाण्याचे व्यसन पसरले आणि सरकारला ते आवरण्यासाठी कायदे करावे लागले.

यावर पहिला तोडगा निघाला तो साधा होता. कमी वापरा. फ्रान्सात पॉल रेक्ल्यू याने द्रावण पातळ केले. बर्लिनमध्ये कार्ल लुडविग श्लाइख याने १८९२ च्या शल्यवैद्यांच्या परिषदेत सांगितले की, अत्यंत पातळ द्रावणानेही, ते भरपूर झिरपवले तर, भाग बधिर होतो. त्याने जोडीला असेही म्हटले की, यापुढे किरकोळ कामासाठी रोग्याला बेशुद्ध करणे नीतीला धरून नाही. झाले! सभा खवळली, आणि श्लाइखला सभागृह सोडावे लागले. खरी गोष्ट सांगितल्यावर सभा खवळतात हा अनुभव वैद्यांपुरता नाही, पण ते असो.

पातळ द्रावणाची अडचण अशी की ते लवकर वाहून जाते. रक्त त्याला घेऊन जाते. त्यामुळे इकडे बधिरपणा ओसरतो आणि तिकडे तेच औषध हृदयाला व मेंदूला जाऊन भिडते. म्हणजे एकाच चुकीचे दोन तोटे. न्यूयॉर्कचा लिओनर्ड कॉर्निंग याने १८८५ मध्येच दाखवले होते की, हाताला वा पायाला वरच्या बाजूस आवळून बांधले तर औषध जागीच राहते आणि अंमल लांबतो. उत्तम, पण जबड्याला कोठे आवळावयाचे? गळ्याला?

याचे उत्तर दिले लाइपझिगच्या हाइन्रिख ब्राउन याने, आणि त्याच्या हाती साधन दिले एका जपानी रसायनशास्त्रज्ञाने. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात. त्यांचा अर्क रक्तात सोडला तर रक्तदाब एकदम चढतो, हे १८९४ मध्ये ऑलिव्हर व शेफर यांनी लंडनमध्ये दाखवले होते. तो अर्क शुद्ध स्फटिकांच्या रूपात काढण्याचे काम न्यूयॉर्कमध्ये जोकिची ताकामिने आणि त्याचा सहायक केइझो उएनाका यांनी १९०० साली केले. हेच ॲड्रिनलिन. ते जेथे लागेल तेथील बारीक रक्तवाहिन्या आकसतात, कातडी पांढरी फटक पडते. ब्राउनने ते किंचित प्रमाणात बधिर करणाऱ्या द्रावणात मिसळले, स्वतःच्या हाताच्या कातडीत टोचून पाहिले, आणि १९०३ मध्ये जाहीर केले की, बाहेरून आवळपट्टी बांधण्याची गरज नाही; ही आतून बांधलेली रासायनिक पट्टी आहे. औषध थोडे लागते, जागीच राहते, अंमल लांबतो, रक्तस्रावही कमी होतो. जबड्याला आवळण्याचा प्रश्न सुटला.

श्रोतेहो, आपल्या रोग्याच्या छातीत धडधडली ती हीच पट्टी. ॲड्रिनलिनचा काही अंश जागेवरून सुटून रक्तात जातो, आणि सुई एखाद्या रक्तवाहिनीतच शिरली तर तो झटकन जातो. मग हृदय जोराने चालू लागते, हात कापतात, घाम येतो. भीती वाटली असता आपल्याच ग्रंथींतून जे द्रव्य सुटते ते हेच असल्यामुळे, शरीराला भीती वाटल्यासारखे होते आणि मन त्याचे कारण शोधू लागते. भेदरलेल्या माणसाने स्वतःच घरून आणलेले ॲड्रिनलिन पिचकारीतल्यापेक्षा पुष्कळदा अधिक असते. रक्तात त्याचे आयुष्य मिनिटांत मोजावे इतके अल्प, म्हणून धडधड काही मिनिटांत शमते. तिला ॲलर्जी म्हणणे म्हणजे पावसाला पूर म्हणण्यासारखे आहे. दोन्हींत पाणी आहे एवढेच.

आता हैदराबादचे राहिलेले देणे. १९११ मध्ये इंग्लंडात गुडमन लेव्ही याने मांजरांवरील प्रयोगांनी दाखवले की, क्लोरोफॉर्मचा अंमल पूर्ण चढलेला नसताना रक्तात ॲड्रिनलिन आले, तर हृदयाचे ठोके एकदम विस्कटून ते नुसते थरथरत राहते आणि थांबते. म्हणजे गाढ झोपवलेल्या कुत्र्याला श्वास थांबून मरण येई, हे लॉरींचे निरीक्षण खोटे नव्हते. परंतु भ्यालेला, अर्धवट भुललेला, दात उपटताना कळवळणारा मनुष्य निराळ्याच वाटेने मरत होता. हैदराबादच्या प्रयोगशाळेत सर्व काही होते. ती भीती मात्र तेथे मोजली गेली नव्हती.

ब्राउनच्या युक्तीला अजून एक जोड हवी होती, ती म्हणजे कोकेनऐवजी दुसरे औषध. म्युनिकच्या आल्फ्रेड आइनहॉर्न याने १९०४ मध्ये ते तयार केले. 'नोव्होकेन' हे त्याचे बाजारी नाव, शास्त्रीय नाव प्रोकेन. व्यसन नाही, विषारीपणा पुष्कळ कमी. ब्राउनने १९०५ मध्ये ते ॲड्रिनलिनसह वापरून दाखवले. आइनहॉर्नला हे औषध मोठ्या शस्त्रक्रियांसाठी हवे होते, आणि दंतवैद्यांनीच ते उचलून धरले याचे त्याला वैषम्य वाटे, असे सांगतात. काही असो, पुढची चाळीस वर्षे दाढ आणि नोव्होकेन हे शब्द जोडीनेच उच्चारले गेले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातील हार्वी कुक या डॉक्टरला बंदुकीच्या काडतुसावरून कल्पना सुचली, आणि १९१७ पासून औषध काचेच्या बंद काडतुसात भरून मिळू लागले. दवाखान्यात द्रावण उकळून, ढवळून तयार करताना प्रमाण चुकण्याचा व जंतू शिरण्याचा धोका त्यामुळे पुष्कळच टळला.

नोव्होकेनचे एक वैगुण्य होते. ते शरीरात मोडले की त्यातून असा पदार्थ निघतो की ज्याचे काही लोकांना खरोखरच वावडे असते. गमतीची म्हणा वा दुःखाची म्हणा, गोष्ट अशी की याचा त्रास रोग्यांहून दंतवैद्यांनाच अधिक झाला: रोज हाताला लागून लागून त्यांच्या बोटांना इसब होई.

त्यातून सुटका केली स्वीडनने. स्टॉकहोममध्ये होल्गर एर्टमन या रसायनज्ञाने बार्लीतील एका द्रव्याचा अभ्यास करताना तयार झालेला पदार्थ चाखून पाहिला आणि त्याची जीभ बधिर झाली. नीमानची जीभ, कोलरच्या मित्रांची जीभ, आणि आता ही! त्याचा विद्यार्थी निल्स ल्योफग्रेन याने त्या धाग्यावर वर्षानुवर्षे काम केले. बेंग्ट लुंडक्विस्ट हा तरुण स्वतःच्या अंगावर ते टोचून घेऊन परिणाम टिपीत असे. १९४३ मध्ये लिडोकेन सिद्ध झाले. १९४८ मध्ये आस्त्रा कंपनीने ते 'झायलोकेन' नावाने विकावयास काढले. आपल्याकडे डॉक्टर त्याला लिग्नोकेन म्हणतात. ते त्वरित चढते, आणि त्याची खरी ॲलर्जी अत्यंत विरळा. आपल्या देशातील दवाखान्यांत नेहमीचे द्रावण असते ते दोन टक्के लिग्नोकेन आणि ८०,००० भागांत एक भाग ॲड्रिनलिन असे. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ॲड्रिनलिन १२.५ मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅमचा ऐंशीवा हिस्सा.

एवढ्याशा मात्रेनेही कमकुवत हृदयाला धोका होईल काय, या प्रश्नावर डॉक्टरांत पुष्कळ वाद झाला. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनच्या समितीने १९५५ मध्ये हृदयरोग्यांसाठी एका बैठकीस ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा घातली; पुढे ती अधिक कडक होऊन ०.०४ मिलिग्रॅम ही सामान्यतः पाळली जाऊ लागली. ॲड्रिनलिन सर्वस्वी वगळावे, असा आग्रह धरणारेही होते. त्यांना मिळालेले उत्तर मला पटते: वगळले तर दाढ अर्धवट बधिर होते, रोगी कळवळतो, आणि मग त्याच्या स्वतःच्या ग्रंथी किती ॲड्रिनलिन सोडतील याला मर्यादा कोण घालणार? लेव्हीची मांजरे येथे आठवावीत. मात्र हृदयविकार, थायरॉइडचा विकार, रक्तदाब आणि चालू असलेली औषधे यांबद्दल खुर्चीत बसण्यापूर्वी डॉक्टरला सांगणे हे रोग्याचेच काम आहे. डॉक्टरला ते तोंडात पाहून कळत नाही.

धडधडीखेरीज जे काही होते, त्यातले नेहमीचे म्हणजे घेरी येणे. ती औषधाने नव्हे, भयाने व उपाशी पोटाने येते. आडवे निजवून पाय उंच केले की मनुष्य सावरतो. याउलट तोंडाभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानांत आवाज, बरळणे ही लक्षणे खरोखर औषध रक्तात अधिक गेल्याची. यांकडे डॉक्टर तत्काळ लक्ष देतात. अशा गंभीर विषबाधेवर स्निग्ध द्रव्याचे पांढरे द्रावण शिरेतून देण्याचा उपाय शिकागोच्या गाय वाइनबर्ग याने १९९८ मध्ये उंदरांवर दाखवला, आणि २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याने एका माणसाचे प्राण वाचल्याचे प्रसिद्ध झाले. अंगावर गांधी उठणे, घशाला सूज, श्वास लागणे, ही खऱ्या ॲलर्जीची खूण. तीही पुष्कळदा लिग्नोकेनची नसून ॲड्रिनलिन टिकावे म्हणून घातलेल्या सल्फाइट क्षाराची निघते.

क्वचित सुई मागे, गालातील लाळेच्या ग्रंथीपर्यंत जाते. त्या ग्रंथीतून चेहऱ्याची शीर जात असल्यामुळे अर्धा चेहरा लुळा पडतो आणि डोळा मिटत नाही. घरची माणसे पक्षाघात म्हणून हंबरडा फोडतात. दोन-तीन तासांत तो आपोआप उतरतो, तोवर डोळ्यावर पट्टी ठेवावी लागते. तोंड दोन-चार दिवस नीट न उघडणे, गालावर काळेनिळे पडणे हेही होते व जाते. जिभेचा वा ओठाचा बधिरपणा महिनोन्महिने न जाणे हे मात्र खरोखर दुःखाचे, पण सुदैवाने दुर्मिळ. कॅनडातील ओंटारियो प्रांतात १९७३ पासून १९९३ पर्यंतच्या एकवीस वर्षांत अशा १४३ तक्रारी नोंदल्या गेल्या, आणि १९९३ सालचा हिशेब सुमारे ७ लाख ८५ हजार इंजेक्शनांमागे एक असा निघाला. प्रिलोकेन या दुसऱ्या औषधाची मात्रा अधिक झाली तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटून ओठ निळसर पडतात. त्यावर मिथिलीन ब्लू हा उतारा आहे.

राहता राहिली मुले. दात काढून घरी आलेल्या मुलाचा ओठ दोन-तीन तास बधिर असतो, आणि ते त्याला खेळणे समजून चावत बसते. संध्याकाळी ओठ सुजलेला व रक्ताळलेला दिसला की आईबाप डॉक्टरला दोष देतात. म्हणून बधिरपणा उतरेपर्यंत मुलाला खावयास देऊ नये, आणि त्याच्यावर नजर ठेवावी. हा बधिरपणा लवकर उतरवण्यासाठी फेंटोलामीन नावाच्या औषधाला अमेरिकेत २००८ मध्ये परवानगी मिळाली. ते आकसलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा सैल करते, म्हणजे ब्राउनने १९०३ मध्ये बांधलेली पट्टी सोडते. तेही त्याच जागी सुईनेच द्यावे लागते. आणि त्याच्या दुष्परिणामांच्या यादीत, टोचल्या जागी दुखणे व डोकेदुखी यांच्या जोडीला, नाडी जलद होणे हेही लिहिलेले आहे.